कवळाण्याचा गोपाळ आणि वाघईची गाडी

महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी शाळा, ग्रंथालये आणि बँक उभारली हे सर्वज्ञात आहे. मात्र रूळ टाकणारा राजा म्हणून त्यांची आठवण फारशी काढली जात नाही. बंद पडता पडता वाचलेल्या एका छोट्या रेल्वेच्या निमित्ताने त्यांच्या आयुष्याचा हा मागोवा.

डिसेंबर २०२० मध्ये रेल्वे मंत्रालयाने पश्चिम रेल्वेवरील न परवडणारे अकरा शाखामार्ग कायमचे बंद करण्याची भूमिका घेतली. त्यात गुजरातमधील तीन नॅरोगेज मार्ग होते आणि त्यांपैकी एक होता बिलिमोरा ते वाघई हा ६३ किलोमीटरचा मार्ग. करोनाच्या टाळेबंदीत मार्च २०२० मध्ये देशभरातील गाड्या थांबल्या, तेव्हा हीदेखील थांबली होती. मुख्य मार्गावरच्या गाड्या हळूहळू सुरू झाल्या. ही मात्र उभीच राहिली. डांगच्या जंगलपट्टीतील आदिवासी प्रवासी, स्थानिक लोकप्रतिनिधी आणि वारसाप्रेमी यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. अखेर निर्णय फिरला आणि ४ सप्टेंबर २०२१ रोजी वाघईची गाडी पुन्हा रुळावर आली. नेहमीच्या डब्यांच्या जोडीला पर्यटकांसाठी एक वातानुकूलित डबाही तिला लावण्यात आला.

ज्या राजाच्या कारकिर्दीत हा मार्ग घातला गेला तो जन्माने खानदेशचा होता, ही गोष्ट खुद्द खानदेशातही थोड्यांनाच ठाऊक असेल.

शेतकऱ्याच्या घरातून राजवाड्यात

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी कवळाणे या गावी झाला. आज हे गाव नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात मोडते. पण नाशिक जिल्हा अस्तित्वात आला १८६९ मध्ये. तोपर्यंत मालेगावचा परिसर खानदेश जिल्ह्यातच होता. काशीराव आणि उमाबाई गायकवाड यांचे हे अपत्य. मुलाचे नाव गोपाळ. घराणे गायकवाडांचे असले तरी ही शाखा राजगादीपासून पिढ्यान् पिढ्या दूर गेलेली, शेतीवर गुजराण करणारी. बाराव्या वर्षापर्यंत गोपाळला अक्षरओळखही झालेली नव्हती. ढोरे राखणे, शेतातली बारीकसारीक कामे करणे हेच त्याचे शिक्षण.

त्या काळात बडोद्याच्या गादीवर संकट ओढवले होते. खंडेराव महाराज १८७० मध्ये वारले. त्यांच्यामागून राणी जमनाबाईंना कन्यारत्न झाले, त्यामुळे गादी खंडेरावांचे बंधू मल्हारराव यांच्याकडे गेली. त्यांचा कारभार अनागोंदीचा ठरला. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर याच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप त्यांच्यावर आला, चौकशी आयोग बसला आणि एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले. आयोगातील सदस्यांचे आरोपाबाबत एकमत झाले नव्हते, तरी हा निर्णय झाला. जमनाबाईंना दत्तक घेण्याची मुभा मिळाली आणि गायकवाड कुळातील मुलांचा शोध कवळाण्यापर्यंत येऊन पोहोचला.

आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव या तिघा भावांना बडोद्याला नेण्यात आले. तेथे कशासाठी आलात असे विचारल्यावर गोपाळने राज्य करण्यासाठी आलो असे धिटाईने सांगितले आणि त्यामुळेच त्याची निवड झाली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि शेतकऱ्याचा बारा वर्षांचा मुलगा सयाजीराव तिसरे या नावाने बडोद्याचा महाराज झाला.

पुढली सहा वर्षे अभ्यासाची. एफ. ए. एच. इलियट हे इंग्रज अधिकारी त्यांचे शिक्षक होते, तर राज्याची घडी दिवाण राजा सर टी. माधवराव बसवत होते. मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू या भाषा, गणित, इतिहास, घोडेस्वारी असा भरगच्च दिनक्रम. उशिरा सुरू झालेल्या या शिक्षणाची भूक सयाजीरावांना आयुष्यभर पुरली. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, राज्याची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली.

बैलांनी ओढलेली रेल्वे

सयाजीरावांना वारशात जे मिळाले त्यात एक चमत्कारिक रेल्वेही होती.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६०च्या दशकाच्या आरंभी हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशाने तो काळ चांगलाच अनुभवला. गुजरातमध्येही तीच स्थिती होती. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीची, म्हणजे बीबीसीआयची, ब्रॉडगेज रेल्वे १८६१ मध्ये बडोद्याला पोहोचली होती. डभोई भागातील कापूस त्या मुख्य मार्गावर आणून घालण्यासाठी खंडेराव महाराजांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम असा ३३ किलोमीटरचा अडीच फुटी रूळमार्ग टाकला. एखाद्या हिंदी संस्थानिकाने स्वतःच्या खर्चाने घातलेली ही पहिली रेल्वे. तिच्यावरच्या डब्यांना मात्र बैल जुंपले जात. वर्षभराने वाफेची इंजिने आणून पाहिली, पण हलक्या रुळांना त्यांचा भार पेलवेना. म्हणून पुन्हा बैलच. अधिक वजनाचे रूळ बदलून घेतल्यानंतर १८७३ मध्ये इंजिने नियमित धावू लागली.

माधवरावांच्या कारकिर्दीत डभोईहून चांदोद आणि बहादरपूरकडे फाटे निघाले आणि १८८०च्या सुमारास डभोई बडोद्याशी जोडली गेली. चांदोद हे नर्मदाकाठचे तीर्थ. गरुडेश्वराकडे जाणाऱ्या मराठी भाविकांनाही ते परिचयाचे. चहूकडून अडीच फुटी रूळ येऊन मिळत असल्याने डभोई पुढे आशियातील सर्वांत मोठे नॅरोगेज जंक्शन म्हणून ओळखले जाऊ लागले.

अडीच फुटी रुळाचा हिशेब सरळ होता. रूळ हलके, पूल लहान, वळणे आखूड, जमीन थोडी लागायची. त्यामुळे ब्रॉडगेजच्या मानाने खर्च बराच कमी यायचा. तोटा एकच, पण मोठा. मुख्य मार्गाच्या स्थानकावर प्रत्येक पोते, प्रत्येक ओंडका एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. हमाली वाढे, वेळ जाई. मोटारट्रक नव्हते तोवर हे खपून गेले. पाचोरा-जामनेर, बार्शी लाइट आणि विदर्भातील शकुंतला या आपल्याकडच्या छोट्या गाड्याही याच मापाच्या आणि त्यांचे भवितव्यही याच हिशेबाने ठरले.

तुकड्यातुकड्यांचे राज्य

सयाजीरावांच्या रेल्वेचे वेगळेपण समजून घ्यायचे तर बडोदे संस्थानाचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. सुमारे आठ हजार चौरस मैलांचे हे राज्य सलग नव्हतेच. उत्तरेला कडी प्रांत, म्हणजे महेसाणा, पाटणचा भाग; मध्ये बडोदे प्रांत; दक्षिणेला नवसारी प्रांत आणि काठेवाडात अमरेली व ओखामंडळ. मधल्या जागेत ब्रिटिश तालुके आणि लहानमोठी संस्थाने. एका प्रांतातून दुसऱ्यात जायचे तर परक्या हद्दीतून जावे लागे. नवसारी प्रांतातील सोनगड आणि व्यारा ही ठाणी तर थेट खानदेशच्या सीमेला भिडलेली. सोनगडचा किल्ला म्हणजे गायकवाडांच्या सत्तेचे मूळ ठिकाण. सुरत-भुसावळ मार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला तो आजही दिसतो.

अशा राज्याला एकत्र बांधण्यासाठी सैन्य उपयोगाचे नव्हते, कारण ते ठेवण्याचे अधिकार इंग्रजांनी केव्हाच आवळून घेतले होते. उरले रस्ते, टपाल, शाळा आणि रूळ. सयाजीरावांनी नेमके तेच हाती घेतले. १८८७ पासून महेसाण्याभोवती मीटरगेजचे जाळे विणायला सुरुवात झाली. वडनगर, खेराळू, पाटण अशी गावे जोडली गेली. १८९० मध्ये आणंद ते पेटलाद हा ब्रॉडगेज फाटा झाला. नवसारी प्रांतात कोसंबा-उमरपाडा आणि बिलिमोरा-वाघई हे नॅरोगेज मार्ग आले. काठेवाडच्या टोकाला ओखा बंदर १९२६ मध्ये सुरू झाले आणि तेथवरही रूळ पोहोचले. एकाच राज्यात तीन मापांचे रूळ, हा प्रकार आज विचित्र वाटेल. पण ज्या तुकड्याला जे शेजारचे माप जुळेल, जे खिशाला परवडेल, ते घ्यायचे, असा हा व्यवहार होता. त्यात सौंदर्य नसेल, शहाणपण नक्कीच होते.

यात एक सल मात्र कायम होता. मुख्य रेल्वेमार्गासाठी दिलेल्या जमिनीवरचा अधिकार संस्थानांना ब्रिटिशांकडे सोपवावा लागे. म्हणजे स्वतःच्या राज्यातून जाणाऱ्या पट्टीवर राजाचा कायदा चालत नसे. नवा मार्ग काढायचा तर हिंदुस्थान सरकारची मंजुरी हवी. इतकेच नव्हे, दरबारच्या पैशाने बांधलेले मार्ग चालवण्याचे कामही बराच काळ बीबीसीआय कंपनीकडे होते. डब्यांवर नाव गायकवाडांचे, कारभार कंपनीचा. सयाजीरावांनी ही व्यवस्था हळूहळू मोडीत काढली. १९१९ मध्ये बडोद्यात गोयागेट येथे स्वतंत्र रेल्वे कार्यशाळेची पायाभरणी व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या हस्ते झाली. हाच परिसर पुढे प्रतापनगर म्हणून ओळखला गेला. १९२१ मध्ये संस्थानाने आपल्या मार्गांचा कारभार स्वतःकडे घेतला आणि गायकवाड बडोदा स्टेट रेल्वे स्वतःच्या अधिकाऱ्यांकरवी चालू लागली.

या स्वातंत्र्याची किंमत त्यांनी दहा वर्षे आधीच एका निराळ्या प्रसंगात मोजली होती. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात सम्राट पंचम जॉर्ज यांच्यापुढे सर्व संस्थानिकांनी तीनदा लवून, पाठ न फिरवता मागे सरत जावे असा शिष्टाचार होता. सयाजीराव एकदाच लवले आणि वळून चालू लागले. लंडनच्या वृत्तपत्रांनी काहूर उठवले, राजद्रोहाची कुजबुज झाली, महाराजांना खुलाशाचे पत्र पाठवावे लागले. तो अपमान हेतुपुरस्सर होता की गोंधळामुळे घडला, यावर अभ्यासकांत अजूनही दोन मते आहेत. क्रांतिकारकांबद्दल सहानुभूती असल्याचा संशय त्यांच्यावर आधीपासून होता. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोद्याच्याच नोकरीत होते, हे इंग्रज अधिकारी विसरले नव्हते.

सागवानाच्या वाटेवर

बिलिमोरा-वाघई मार्ग लोककल्याणासाठी घातला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तो घातला सागवानासाठी. डांगचे जंगल उत्कृष्ट सागासाठी प्रसिद्ध. भिल्ल राजांकडून ते इंग्रजांनी १८४०च्या दशकातच भाडेपट्ट्याने घेतले होते आणि तेथील लाकूड जहाजबांधणीपासून रेल्वेच्या स्लीपरपर्यंत सर्वत्र वापरले जाई. घाटवाटांनी बैलगाड्यांतून हे ओंडके खाली यायचे. बिलिमोरा हे अंबिका नदीच्या खाडीवरचे बंदर आणि बीबीसीआयच्या मुख्य मार्गावरचे स्थानक. शिवाय गायकवाडांच्या गणदेवी महालातले. जंगल दुसऱ्याचे असले तरी त्याचा माल आपल्या बाजारपेठेतून जावा, हा त्यामागचा रोकडा विचार होता.

१९१३च्या सुमारास हा मार्ग सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने जंगलाच्या पोटात शिरत वाघईपर्यंत गेला. बिलिमोरा, गणदेवी, चिखली रोड, राणकुवा, धोळीकुवा, अनावल, उनाई, केवडी रोड, काळा आंब, डुंगरडा आणि वाघई. स्थानकांची ही यादी म्हणजे त्या काळच्या सरहद्दींचा पटच आहे. गायकवाडी मुलखातून निघालेली गाडी ब्रिटिशांचा चिखली तालुका ओलांडे, वांसदा संस्थानाला स्पर्श करी आणि शेवटी डांगात जाऊन थांबे. उनाईला गरम पाण्याचे झरे आणि देवस्थान. तेथे जत्रेला गाडी भरभरून वाहायची.

लाकडासाठी घातलेल्या रुळांवर हळूहळू माणसे चढू लागली, ही या मार्गाची खरी कथा आहे. कोकणा, वारली, भिल्ल, गामित समाजाचे लोक बांबू, मोहाची फुले, भाजीपाला घेऊन खालच्या बाजाराला जात आणि संध्याकाळी मीठमिरची घेऊन परतत. मजुरीसाठी गणदेवी-बिलिमोऱ्याच्या बागांकडे जाणाऱ्यांचे हेच वाहन. डांगी बोली खानदेशी-अहिराणीच्या जवळची मानली जाते आणि भाषावार प्रांतरचनेच्या वेळी डांग महाराष्ट्रात की गुजरातमध्ये, हा वाद चांगलाच रंगला होता. १९६० मध्ये डांग गुजरातकडे गेला, पण वाघईच्या बाजारात सुरगाणा, नवापूरकडची माणसे पूर्वीसारखीच येत राहिली.

लाकडाची वाहतूक ट्रकांनी पळवल्यानंतरही ही गाडी चालू राहिली ती याच प्रवाशांमुळे. ६३ किलोमीटरला सुमारे तीन तास. टाळेबंदीपूर्वी पूर्ण प्रवासाचे तिकीट होते १५ रुपये. बसभाड्याच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ, आणि म्हणूनच ती जमाखर्चाच्या तक्त्यात कधीच शोभून दिसली नाही.

शाळा, पेट्या आणि रूळ

सयाजीरावांच्या कारकिर्दीत तोट्याचे म्हणून काय काय सोडून द्यावे लागले असते, याची यादी लांबलचक होईल. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्याला लागू केला. अस्पृश्य आणि आदिवासी मुलांसाठी शाळा व वसतिगृहे काढली. त्यातील काही शाळांवर शिक्षक मिळणेही मुश्किल होते. तांत्रिक शिक्षणासाठी १८९० मध्ये कलाभवन निघाले. १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, तोही प्रजेच्या मोठ्या भागाला नको असताना.

अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांनी विल्यम बोर्डन या तज्ज्ञाला १९१० मध्ये बडोद्याला पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगाव वाचनालये निघाली आणि जेथे तीही नव्हती तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. या पेट्यांच्या ने-आणीचा खर्च दरबार सोसत असे. वाचणाऱ्याला एक पैही पडत नसे. ग्रंथपेटी आणि तीन तासांत जंगल ओलांडणारी गाडी यांचा परस्परसंबंध लावणे कुणाला ओढूनताणून केलेले वाटेल. परंतु शेवटच्या गावापर्यंत पोहोचण्याचा खर्च राज्याने उचलायचा असतो, ही समजूत दोन्हींच्या मुळाशी होती. फरक इतकाच, की पेटीकडून नफ्याची अपेक्षा त्यांनी कधी केली नाही. रेल्वेकडून केली आणि बऱ्याच मार्गांवर तो मिळालाही. कापूस, धान्य, लाकूड, यात्रेकरू या चार गोष्टींवर संस्थानाच्या रेल्वेचे उत्पन्न उभे होते. २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन करणारा राजा हिशेबाला कच्चा नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी त्यांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती सर्वांना माहीत आहे. त्याचा उत्तरार्धही सांगायला हवा. करारानुसार १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी विश्रामगृहातून त्यांना हाकलण्यात आले, कचेरीत विटाळ पाळला गेला. गाडीची वेळ होईपर्यंत बागेत बसून काढलेले ते तास पुढे दलित इतिहासातील एक निर्णायक क्षण ठरले. राजाच्या हुकमाने शाळा निघाल्या, रूळ पडले, शिष्यवृत्त्या मिळाल्या. पण कचेरीतल्या शिपायाचे मन त्या हुकमाच्या कक्षेबाहेरच राहिले.

सयाजीराव निर्दोष नव्हते. प्रत्येक कागद स्वतः पाहण्याचा त्यांचा अट्टहास असल्याने कामे तुंबत. नियमांची, समित्यांची आणि हुकमांची पुस्तके फुगत गेली. निद्रानाश आणि प्रकृतीच्या कारणाने १८८७ पासून ते वारंवार युरोपला जात आणि महिनोन् महिने राज्याबाहेर असत; त्यावर प्रजेत आणि इंग्रज अधिकाऱ्यांत टीका होई. परदेशात जे दिसे ते टिपून आणायचे आणि बडोद्यात राबवायचे, हा त्यांचा परिपाठ होता. घरचे दुःखही थोडे नव्हते. पहिल्या पत्नी चिमणाबाई तरुण वयात गेल्या. थोरले युवराज फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, शिवाजीराव १९१९ मध्ये आणि जयसिंहराव १९२३ मध्ये, असे तीन मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. दुसऱ्या चिमणाबाईंनी त्यांना साथ दिली आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर स्वतंत्रपणे कामही केले.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. त्यांच्यामागे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी सातशे मैलांच्या आसपास पसरलेली संस्थानाची रेल्वे बीबीसीआयमध्ये गेली. ज्या कंपनीच्या हातून १९२१ मध्ये कारभार काढून घेतला, तिच्याच पदरात ती पडली. पण तोवर कंपनीही सरकारजमा झालेली होती. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी दोन्हींचा मिळून पश्चिम रेल्वेचा भाग झाला.

रुळांचे पुढे काय झाले

गायकवाडी रुळांचे पुनरुज्जीवन दोन अगदी भिन्न वाटांनी झाले. डभोईकडील भागात नॅरोगेज उखडून ब्रॉडगेज टाकले गेले. डभोई-चांदोद मार्गाचे रूपांतर झाले, चांदोदच्या पुढे केवडियापर्यंत नवा मार्ग निघाला आणि १७ जानेवारी २०२१ रोजी देशाच्या वेगवेगळ्या शहरांतून थेट केवडियाला जाणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. त्या स्थानकाचे नाव पुढे एकतानगर झाले. खंडेरावांच्या बैलगाडी-रेल्वेचा प्रदेश आता विजेच्या इंजिनांनी ओलांडला जातो. जुन्या इंजिनांचे आणि सामानाचे नमुने वडोदऱ्यातील प्रतापनगरच्या रेल्वे वारसा उद्यानात ठेवले आहेत.

वाघईची गाडी मात्र अडीच फुटी रुळावरच राहिली. २०१८ मध्ये रेल्वेने गुजरातमधील पाच नॅरोगेज मार्ग औद्योगिक वारसा म्हणून जतन करण्याचे ठरवले होते आणि त्यांत बिलिमोरा-वाघईचा समावेश होता. अवघ्या दोन वर्षांत तोच मार्ग न परवडणाऱ्यांच्या यादीत जातो, हे सरकारी कामकाजाचे एक अजब उदाहरण. एका टेबलावर जो वारसा, तो दुसऱ्यावर तोटा. तो वाचवण्यासाठी पुढे आलेली माणसे वारशासाठीच नव्हे तर स्वस्त तिकिटासाठी भांडत होती, हेही नोंदवायला हवे. वातानुकूलित डब्यातून धबधबे पाहणारा पर्यटक आणि टोपली घेऊन चढणारी राणकुव्याची बाई यांचे एकाच गाडीत भागेल का, हा प्रश्न या मार्गापुढे आहे. पर्यटकाच्या पैशावर गाडी तगली तर बरेच. पण वेळापत्रक त्याच्या सोयीने लागू लागले, तर ज्यांनी गाडी वाचवली तेच फलाटावर राहतील.

खानदेशालाही हा प्रश्न परका नाही. किलिक निक्सन कंपनीच्या काळातील ५६ किलोमीटरची पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडी मार्च २०२० मध्ये थांबली ती पुन्हा धावली नाही. तेथे डभोईची वाट स्वीकारली गेली असून ब्रॉडगेज रूपांतर आणि पुढे बोदवडपर्यंतचा विस्तार मंजूर झाला आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या यावल गावाला तर ना छोटी रेल्वे मिळाली ना मोठी. तालुक्यातील केळी सावदा, रावेर, भुसावळच्या स्थानकांपर्यंत रस्त्यानेच जाते आणि गाडी पकडायची तर यावलकराला भुसावळ गाठावे लागते.

आणि कवळाणे? १८६०च्या दशकात, गोपाळ लहान असताना, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ मनमाड, चाळीसगाव, जळगाव करीत भुसावळला पोहोचले; मालेगाव मात्र बाजूला राहिले. बडोद्याच्या गादीवरून या मुलाने शेकडो मैल रूळ घातले, पण ते सर्व गुजरात-काठेवाडात. त्याच्या जन्मतालुक्यात त्यानंतरच्या शंभर वर्षांतही रेल्वे आली नाही. मनमाड-मालेगाव-धुळे-शिरपूर-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती २ सप्टेंबर २०२४ रोजी. अंदाजित खर्च आहे १८ हजार ३६ कोटी रुपये.